छत्राचा चार्ज

३ मार्च, सोमवार. सकाळी ६:४०

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. माणसानं निदान स्वतःशी तरी खरं बोलावं, एवढाच हेतू.

संकल्प: रोज चाळीस मिनिटं चालणं. साखर बंद. हाताखालच्या माणसांवर ओरडायचं नाही. ऑफिसातला आरशाचा प्रश्न महिन्याभरात निकालात.

आज चाललो नाही. संकल्प लिहिण्यात वेळ गेला.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७

रोजनिशीचा गुण पहिल्याच दिवशी आला. संचालकसाहेबांनी अकरा वाजता बोलावून घेतलं. त्यांची मंत्रालयात सल्लागार म्हणून बदली झाली आहे. छत्राचा चार्ज उद्यापासून माझ्याकडे. अकरा वर्षं मी उपसंचालक, आरसे. आता सगळंच माझं.

साहेबांना निघायची घाई होती. खुर्चीवरची गादी, खिडकीतली कुंडी, भिंतीवरचं घड्याळ, सगळं स्वतः उचलून गाडीत ठेवलं. मी म्हटलं, साहेब, दोन दिवस समजावून सांगायला थांबा की. म्हणाले, तुम्हाला काय समजावायचं, तुम्हीच तर जाणकार. डोळे भरून आले. माझे.

घरी सांगितलं. बायको भाजी चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "ते का जातायत?" म्हटलं, प्रमोशन. म्हणाली, "आणि तुम्हाला का ठेवतायत?"

ती शाळेत भूगोल शिकवते. प्रशासन हा वेगळा विषय आहे.

४ मार्च

चार्ज घेतला. हातात काय आलं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे आपण किती मजल मारली ते कळेल.

छत्र म्हणजे आकाशात तीन उपग्रह. प्रत्येकाच्या पोटात किरण, तोंडाशी चार मीटरचा आरसा. पलीकडच्या देशानं रॉकेट सोडलं की वरून किरण मारायचा. रॉकेट वाटेतच जळून जातं. आपल्या अंगणात राखसुद्धा पडत नाही.

सद्यस्थिती. पहिल्या उपग्रहाचे पंख उघडलेच नाहीत. वर गेल्यापासून गाठोडं होऊन फिरतोय. दुसऱ्याची तब्येत उत्तम, फक्त तो सांगितलेलं ऐकत नाही. तिसरा चालतो. तीनपैकी एक म्हणजे तेहेतीस टक्के. पास व्हायला पस्तीस लागतात. दोन मार्क कुठूनही काढता येतात.

तिसरा एकटा पडल्यामुळे दर दीड तासात फक्त अकरा मिनिटं आपल्या डोक्यावर असतो. म्हणजे शत्रूनं त्या अकरा मिनिटांत यायला हवं. विचार चालू आहे.

चालणं नाही. चार्ज होता.

६ मार्च

दारावरची पाटी आली. रंगाऱ्यानं 'प्रभारी' हा शब्द ठळक काढला आणि 'संचालक' बारीक. परत पाठवली. संध्याकाळी सुधारून आणली. 'प्रभारी' आता भिंग लावल्याशिवाय दिसत नाही, पण 'संचालक'वरचा अनुस्वार गेला. 'सचालक'. ठेवून घेतली. लोकांना अर्थ कळतो.

चहात अर्धा चमचा साखर. पाटीचा आनंद.

१० मार्च

आमच्याकडे किरणाचं गणित बघणाऱ्या एक बाई आहेत. छत्राच्या पहिल्या दिवसापासून आहेत. सगळे त्यांना गणितबाई म्हणतात. चष्मा दोरीनं गळ्यात, पायात कॅनव्हासचे बूट, निवृत्तीला आठ महिने. आज दुपारी केबिनमध्ये आल्या आणि बसा म्हणायच्या आत बसल्या.

म्हणाल्या, तिसऱ्या उपग्रहाच्या आरशामागे चौदा छोट्या मोटारी आहेत, त्या आरशाचा आकार धरून ठेवतात. पाच अडकल्यात. आरसा वाकलाय. किती, म्हटलं. म्हणाल्या, नखाच्या जाडीएवढा. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. एवढ्या वाकानं किरण फाकतो, म्हणाल्या. रॉकेटपर्यंत पोचताना तो हातभर रुंद असायला हवा, तो होतो फुटबॉलच्या मैदानाएवढा.

"मग रॉकेटचं काय होईल?"

"काही नाही. थंडीत उन्हात बसल्यावर जसं वाटतं, तसं वाटेल त्याला."

"आणि समजा जमिनीवर मारला तर?"

"धुणं वाळेल. तेही उशिरा."

चार पानांची टिपणी आणली होती. मिळाली म्हणून सही मागितली. केली. सही म्हणजे पोच, मान्यता नव्हे. टिपणी उजव्या खणात ठेवली. योग्य वेळी विचार करू. आरशांत माझी हयात गेली, नखाएवढा वाक मला कोणी सांगायला नको.

ओरडलो नाही. एक संकल्प पाळला गेला.

१३ मार्च

पलीकडच्यांशी तीन बेटांवरून कुरबुर चालली आहे. बेटांवर पक्षी राहतात, माणूस एक नाही. महिनाभर बोलणी सुरू आहेत. पेपरात येतं की दोन आपल्याला, एक त्यांना, असं मिटणार. मंत्रालयाचं म्हणणं, बोलणाऱ्यांच्या हाताला जरा बळ द्या, छत्राची चाचणी घ्या. परवा चाचणी.

चालायला निघालो होतो. कोपऱ्यापर्यंत गेलो, बूट चावला, परत आलो. जाऊन येऊन चार मिनिटं. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

१५ मार्च

चाचणी यशस्वी.

समुद्रावर फुगा सोडला होता, त्याला लोखंडी डबा, डब्यात तापमापक. सकाळी दहाला तिसरा डोक्यावर आला. चाळीस सेकंद किरण मारला. डब्याचं तापमान दोन अंशांनी वाढलं. कंट्रोलरूममध्ये टाळ्या. सुरुवात मी केली, पण नंतर बऱ्याच जणांनी वाजवल्या.

गणितबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "किरण फुग्यापासून चाळीस किलोमीटरवर पाण्यात पडला."

म्हटलं, मग दोन अंश कुठून आले?

"सकाळचे दहा वाजलेत. ऊन आहे."

ऊनही वरूनच येतं, असं मी म्हटलं. त्या आकडे वहीत उतरवून निघून गेल्या.

अहवालात मोजून दोन शब्द लिहिले: लक्ष्य तापले. यात अक्षरही खोटं नाही.

१६ मार्च

पेपरात पहिल्या पानावर. 'छत्राने लक्ष्य भस्मसात केले.' तापलेचं भस्मसात कोणी केलं? मंत्रालयानं की पेपरवाल्यांनी? मी तरी नाही. खुलासा पाठवावा म्हणून मसुदा करायला बसलो. 'भस्मसात' ऐवजी 'तापले' वाचावे, असं लिहिलं. वाचून पाहिलं. फार क्षुद्र वाटलं. भाषेच्या बारकाव्यांवर देशाचा वेळ घालवू नये.

कात्रण टेबलाच्या काचेखाली ठेवलं. घरी एक प्रत नेली. बायकोनं चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, खरंच जळलं का. म्हटलं, तांत्रिक भाषेत त्याला अनेक अर्थ आहेत. तिनं पेपर घडी घालून कपाटाच्या फळीवर अंथरला.

१८ मार्च

मंत्रीमहोदय आले. मी बावीस पानांची टिपणी केली होती, रंगीत नकाशे लावून. त्यांनी उघडली नाही. उभ्याउभ्या म्हणाले, "चालेल ना?"

मी म्हटलं, सर, एकूण दिशा अनुकूल आहे.

"म्हणजे चालेल."

मी मान हलवली. कशी हलवली ते आता नक्की आठवत नाही. ते म्हणाले, मग तसं लिहून द्या, तयारीचं प्रमाणपत्र लागतं. त्यांच्या सचिवानं ते टाइप करूनच आणलं होतं. 'छत्र यंत्रणा कोणत्याही हवाई हल्ल्यापासून नागरी वस्तीचे संरक्षण करण्यास पूर्णतः सज्ज आहे.' खाली रेघ. सही केली. अक्षर छान आलं.

ते गेल्यावर हेडक्लार्क म्हणाला, जुन्या साहेबांनी हा कागद तीनदा परत पाठवला होता. बिचारे साहेब. निर्णयक्षमता सगळ्यांकडे नसते.

चहात दोन चमचे. मंत्र्यांबरोबर घ्यावाच लागला.

२१ मार्च

बोलणी फिसकटली. मंत्रीमहोदय टीव्हीवर म्हणाले, आता बेटं अर्धीमुर्धी कशाला, आपल्या डोक्यावर छत्र आहे. पलीकडच्यांनी रॉकेटं किनाऱ्याजवळ आणली, असंही बातम्यांत होतं.

बायको म्हणाली, माझ्या भावाकडे डोंगरात जाऊ या महिनाभर. तिचा भाऊ पाण्याचे पंप दुरुस्त करतो. लग्नापासून मला उपदेश करतो. म्हटलं, छत्राच्या संचालकाची बायको बॅगा भरताना दिसली तर लोक काय म्हणतील. ती म्हणाली, लोक शहाणे असतील तर तेही भरतील.

मग म्हणाली, "आणि आपली मुलगी?"

मुलगी बंदरगावी मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर आहे. हॉस्पिटल धक्क्याला लागूनच. पलीकडच्या किनाऱ्यापासून एकशे ऐंशी किलोमीटर. बायकोनं पट्टी लावून मोजलं.

२४ मार्च, दुपारी ४

आत्ता लेकीचा फोन आला. ऑफिसच्या नंबरवर करत नाही कधी.

म्हणाली, हॉस्पिटलात मीटिंग चालू आहे. साठ पेशंट आहेत. पेशंट हलवायचे की नाही, यावर डॉक्टरांचं एकमत होईना. हलवणं सोपं नाही, त्यात अकरा जण तर पलंगावरून उठू शकत नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं, तुझ्या वडिलांना विचार, ते म्हणतील तसं करू.

"बाबा, मला खरं सांगा. छत्र चालतं का?"

खोलीत हेडक्लार्क होता. प्रमाणपत्राची प्रत समोरच फायलीत होती. फोनवर अशा गोष्टी बोलण्याबद्दल नियमही आहेत. या सगळ्याचा विचार करायला मला एकच क्षण होता.

म्हटलं, चालतं.

मागे कोणीतरी खोकत होतं. मग म्हणाली, "बरं बाबा. औषध घेताय ना वेळेवर?"

मोठा प्रश्न मिटला. साठ जणांचा हेलपाटा वाचला. आजारी माणसाला हलवणं धोक्याचंच असतं.

२५ मार्च

तिला आज पुन्हा फोन करून 'चालतं' या शब्दाची व्याप्ती सांगावी असं वाटलं. पण सकाळची ड्यूटी असेल. संध्याकाळी करू.

संध्याकाळी: लाइन बिझी. एकदाच लावला, पण बिझी म्हणजे बिझी.

२६ मार्च

बायकोनं जेवताना सांगितलं, "मी तिला फोन केला होता. सांगितलं, बाबांवर जाऊ नकोस, पेशंट हलवायला घ्या."

माझ्या पाठीमागे. घरातल्या घरात. मी ताट सारून उठलो. म्हटलं, तुला छत्रातलं काय कळतं?

म्हणाली, "छत्रातलं काही कळत नाही. तुमच्यातलं कळतं."

जेवणानंतर चाळीस मिनिटं चाललो. रागानं का होईना, संकल्प पुरा झाला.

२७ मार्च

गणितबाईंनी टिपणीची प्रत थेट मंत्रालयात टपालानं पाठवली होती, मला डावलून. पण व्यवस्था चोख आहे. मंत्रालयानं तो कागद शेरा मारून माझ्याकडेच पाठवला: 'योग्य त्या कार्यवाहीसाठी.' शेऱ्याखाली सही सल्लागारांची, म्हणजे आमच्याच जुन्या साहेबांची. हायसं वाटलं.

बाईंना बोलावून दाखवला. त्यांनी शेरा दोनदा वाचला. म्हणाल्या, "मग करा कार्यवाही."

विचारलं, तुमच्या मते काय करावं. म्हणाल्या, आरसा सुधारायला तीन महिने लागतील, तेही मोटारी सुटल्या तर. किरण निदान रॉकेटवर पडेल एवढं मी आठवड्यात करून देते. जळणार काहीच नाही. "पण तुम्ही ते प्रमाणपत्र मागे घ्या. लोक त्याच्या भरवशावर बसलेत."

मी म्हटलं, विचार करतो.

"तुमची मुलगी बंदरगावी असते ना हो?"

वैयक्तिक गोष्टी ऑफिसात आणू नयेत, असं सौम्यपणे सांगितलं.

२९ मार्च, शनिवार

माहितीसाठी म्हणून एका पत्राची प्रत आली. बंदरगावच्या हॉस्पिटलनं वाहतूक कार्यालयाकडे पेशंट हलवायला गाड्या मागितल्या होत्या. त्यावर उत्तर: 'प्रभारी संचालक, छत्र यांचे तयारीचे प्रमाणपत्र पाहता रुग्ण हलविण्याची आवश्यकता दिसून येत नाही. सबब गाड्या देता येत नाहीत.' सोबत माझ्या प्रमाणपत्राची झेरॉक्स. ती हॉस्पिटललाही गेली असणार. लेकीनं सही ओळखली असेल.

माझ्या सहीला एवढं वजन असेल असं वाटलं नव्हतं.

जेवण गेलं नाही. प्रमाणपत्र मागे घ्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं. मसुदा एका बैठकीत झाला, सहा ओळी. सही केली. पण जावक नंबर देणारी बाई सुट्टीवर, रजिस्टर तिच्या कपाटात, किल्ली तिच्याकडे. नंबराशिवाय मंत्रालय कागद हातात घेत नाही. सोमवारी पहिलं काम हेच.

३० मार्च, रविवार

फोन करायला हवा. पण उद्या पत्र जाणारच आहे. मग गाड्या मिळतील, मगच आनंदाची बातमी द्यावी. नुसती काळजी देऊन काय होणार.

दिवसभर घर आवरलं. बायकोनं तिची आणि माझी अशी एकेक बॅग भरून दाराशी ठेवली. मी माझी उघडून कपडे परत लावले.

३१ मार्च, सोमवार. दुपारी १

सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी रॉकेटं आली. नऊ.

मी पत्र घेऊन लवकर गेलो होतो. गणितबाई आधीच बसलेल्या. तिसरा उपग्रह बरोबर डोक्यावर होता, अकरापैकी दुसरं मिनिट. याहून चांगली वेळ मिळाली नसती. बाईंनी चार दिवस बसून नेम लावला होता. मी आज्ञा दिली. किरण सुटला. पडद्यावर हिरवी खूण आली.

"लागला," बाई म्हणाल्या.

रॉकेट जात राहिलं. पुन्हा मारला. पुन्हा हिरवी खूण. दुसऱ्यावर मारला, तिसऱ्यावर मारला. सगळीकडे हिरवं. रॉकेटं रेघेनं पुढे सरकत होती, जणू काही आम्ही खोलीतच नव्हतो. सातव्या मिनिटाला पहिली रेघ किनाऱ्यावर संपली. मग एकेक. दोन बंदरगावावर.

मी विचारलं, तांत्रिक बिघाड का?

बाईंनी चष्मा काढला. "बिघाड काही नाही. सगळं व्यवस्थित चाललं."

मंत्रालयाचा फोन आला, किती पाडली? म्हटलं, आकडेवारी गोळा करतोय.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

बंदरगावचे फोन बंद. जावक नंबर मिळाला. ४१७.

१ एप्रिल

फोन बंद. मेहुणा पहाटे त्याचा टेम्पो घेऊन आला. बायको आणि तो बंदरगावाकडे निघाले. मी म्हटलं, मला चार्ज सोडता येत नाही, नाहीतर आलोच असतो. मेहुण्यानं नेहमीसारखा उपदेश केला नाही. "बरं भाऊजी," म्हणाला आणि गाडी सुरू केली.

२ एप्रिल

काही नाही. चूल पेटवली नाही. साखर खाल्ली, नुसतीच, डब्यातून.

३ एप्रिल

बायकोचा फोन. मुलगी आहे. जिवंत आहे.

पाय मोडलाय, प्लास्टर घातलंय. डाव्या कानानं ऐकू येत नाही. येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

बाकी बायकोनं तुटक सांगितलं. मी मध्ये विचारलं नाही. सव्वीस तारखेपासून हॉस्पिटलच्या लोकांनीच पेशंट हलवायला घेतले होते. गाड्या नाहीत म्हणून भाजीच्या ट्रकमधून, हातगाड्यांवरून, कोणाकोणाच्या पाठीवरून. एकोणपन्नास जण गावाबाहेरच्या शाळेत नेऊन ठेवले. उरले पलंगावरचे अकरा. त्यांना ॲम्ब्युलन्सच हवी होती, ती वाहतूक कार्यालयानं दिली नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी त्यांच्यापाशी थांबायला हवं होतं. ती थांबली.

अकरापैकी चार वाचले.

तिला फोन द्यायला सांगितला. बायको म्हणाली, झोपलीय.

मागे मला तिचा आवाज ऐकू येत होता. कोणालातरी पाणी हवंय का विचारत होती.

८ एप्रिल

तह झाला. तिन्ही बेटं त्यांना. महिन्यापूर्वी दोन आपल्याला मिळत होती.

चौकशी समिती नेमली आहे. अध्यक्ष कोण, तर आमचे जुने संचालकसाहेब. बरं वाटलं. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, ते मला ओळखतात. निवेदन लिहायला घेतलं. त्यात सगळं घेणार: मोटारी, अनुस्वार, भस्मसात, जावक नंबर.

१४ एप्रिल

समितीपुढे हजर झालो. तीस पानांचं निवेदन, तीन प्रतींत. साहेबांनी पाणी विचारलं. घरचा माणूस तो घरचा माणूस.

मग त्यांनी गणितबाईंची टिपणी पुढे सरकवली. "ही तुम्हाला दहा मार्चला मिळाली?"

हो.

"सही तुमचीच?"

हो.

प्रमाणपत्र सरकवलं. "हीपण?"

हो.

"या, धन्यवाद."

चार मिनिटं. शेरा कोणी मारला ते कोणी विचारलं नाही. मी काढणार होतो तो विषय, पण साहेब पुढचा कागद वाचायला लागले होते. निवेदन तसंच हातात राहिलं.

जिन्यात गणितबाई भेटल्या. त्यांचीही साक्ष होती. मी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत. "झालं ते," म्हणाल्या. चार पायऱ्या उतरून थांबल्या. "अहो, तुम्ही माणूस वाईट नाही. तुमच्या तोंडून 'नाही' निघत नाही, एवढंच." मग म्हणाल्या, "मीही पोचपावती घेतली आणि घरी जाऊन झोपले. मला वाटलं, कागद दिला की आपलं काम संपलं. त्या हॉस्पिटलात एक फोन मीही करू शकले असते."

मी म्हटलं, तुमचा काही दोष नाही. त्या म्हणाल्या, "असं म्हणू नका." कॅनव्हासच्या बुटांचा आवाज येत नाही, खाली वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

माणूस वाईट नाही. एवढं तरी रेकॉर्डवर यायला हवं होतं.

१९ एप्रिल

निलंबन. ठपका एकट्यावर. अहवालात माझं पद पूर्ण लिहिलंय, 'प्रभारी'सकट.

छत्र बंद करणार नाहीत. चौथा उपग्रह पाठवणार आहेत. कार्यक्रमाचे नवे प्रमुख साहेबच. गादी, कुंडी आणि घड्याळ परत आलं, असं हेडक्लार्क फोनवर म्हणाला.

२३ एप्रिल. मेहुण्याच्या घरी

काल आलो. डोंगरातलं दोन खोल्यांचं घर. पंपाच्या सुट्या भागांतून वाट काढत जावं लागतं. मेहुणा चांगला वागतो. चांगला वागल्यामुळेच बसवत नाही. लेक आतल्या खोलीत खिडकीपाशी असते. मी आलो तेव्हा म्हणाली, "या बाबा, प्रवास नीट झाला?" पाहुण्याला विचारतात तसं.

तिच्याशी बोलायचं आहे. मसुदा केलेला नाही. मसुद्यांना कंटाळलो. मनातलं सरळ सांगायचं: तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. दहा तारखेपासून माहीत होतं. तुझ्या आवाजात भीती होती ती मला ऐकू आली होती, तरी मी चालतं म्हटलं, कारण खोलीत हेडक्लार्क होता.

उद्या.

२४ एप्रिल

पायाला रग लागली होती तिच्या. उद्या.

२५ एप्रिल, दुपारी

बोललो.

बायको आणि मेहुणा बाजारात गेले होते. लेक पलंगावर टेकून बाहेर बघत होती, प्लास्टरचा पाय उशीवर. पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला एकच स्टूल मावतं. त्यावर बसलो. तिच्याकडे बघवलं नसतं, म्हणून मीही खिडकीकडे बघत राहिलो. सुरुवात केली आणि थांबलो नाही. सगळं सांगितलं. हेडक्लार्कचं, खणातल्या टिपणीचं, चाळीस किलोमीटरचं. शनिवारी पत्र हातात होतं तरी फोन उचलला नाही हेही. ते सात जण. त्यांची नावं तिला माहीत आहेत, मला नाहीत, हेही म्हटलं. आयुष्यात एवढं सलग खरं कधी बोललो नव्हतो. आवाज मोठा करता आला नाही, अशा गोष्टी मोठ्यानं बोलता येत नाहीत. शेवटी म्हटलं, क्षमा मागा असं तू म्हणणार नाहीस, मी आपणहून मागतोय.

ती बाहेरच बघत होती. मी वाट पाहिली. बऱ्याच वेळानं ती हलली, पाठ नीट करायला मान वळवली, तेव्हा तिला मी दिसलो. दचकली.

"कधीचे बसलाय बाबा? काही म्हणत होतात का? या बाजूचं मला येत नाही ऐकू."

म्हटलं, नाही. पाणी हवंय का, एवढंच विचारत होतो.

म्हणाली, नको.

पुन्हा तेच सगळं सांगून तिला त्रास देण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे.